बुधवारच्या तीस भेटी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेली. आमच्या घरात खोटं बोलायचं खातं दाजी एकटे सांभाळतात, त्यामुळे बाकीच्यांवर ती वेळ येत नाही.

रात्र नव्हती. लाईट गेलेली नव्हती. बुधवार होता, दुपारचे चार वाजलेले. शाळेचा दुसरा मजला, लायब्ररीच्या मागची छोटी खोली. बाहेर लख्ख ऊन.

त्या खोलीतून निघालेले दाजी जिन्यावरून बसत बसत खाली आले.

दाजी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत साहेब आहेत. कंपनीने योजना काढली की साहेबांनी शाळेतल्या एकेका मुलाचं नाहीतर मुलीचं मार्गदर्शक व्हायचं. दर बुधवारी एक तास, वर्षभरात तीस भेटी. पगार नाही, निव्वळ सेवा. सेवेला बढतीच्या वेळी गुण आहेत हे कळलं आणि दाजींच्या मनात समाजाबद्दल एकदम माया दाटून आली.

त्यांच्या वाट्याला नववीतली एक मुलगी आली. वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की तिची जीभ अडखळायची. त्यावर कुणीतरी मदत करावी, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या भेटीत दाजी पन्नास मिनिटं बोलले. स्वतःबद्दल. लहानपणी किती हुशार होते, साहेब कसे झाले, गाडी कुठली घेतली. मुलगी ऐकत होती. तिच्या हातात चार रंगांचं पेन होतं, त्याचा खटका ती दाबत राहायची.

टिक. टिक.

मग दाजींनी आपली अक्कल चालवली. प्रत्येक भेटीचा एक फॉर्म असतो. एक रकाना मार्गदर्शकाचा, एक विद्यार्थ्याचा, खाली दोघांच्या सह्या. दाजींनी तीसच्या तीस कोरे फॉर्म तिच्यापुढे सरकवले आणि सगळ्यांवर आत्ताच सही करून टाक म्हणाले. पुढे वेळ वाचतो.

तिने हिरव्या शाईत तीस सह्या केल्या. अक्षर सुरेख होतं म्हणे.

निघताना तिने अडखळत विचारलं, "सर, पुढच्या बुधवारी नक्की ना? म्हणजे मी सव्वाचारची बस सोडेन."

"अगं, मी शब्दाचा पक्का आहे," दाजी म्हणाले.

त्यानंतर ते एकदाही गेले नाहीत.

फॉर्म मात्र दर गुरुवारी कंपनीत पोचायचा. चहा पिता पिता पाच मिनिटांत लिहून व्हायचा. 'आज आत्मविश्वासावर चर्चा.' 'विद्यार्थिनीत लक्षणीय सुधारणा.' नवव्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं होतं, 'वेळेचं महत्त्व समजावलं.' हे ते जेवायच्या टेबलावर आम्हाला वाचून दाखवायचे. ताई मान खाली घालून वाढत राहायची.

वर्ष संपत आलं. दाजींचं नाव विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी पुढे होतं. फक्त तिसाव्या फॉर्मला मुलीबरोबरचा फोटो लावायचा होता. फोटोचं काम काही कोऱ्या सहीवर भागत नाही, तेव्हा स्वारी शाळेत जायला निघाली.

शाळा सुटली होती. शिपायाने नुसतंच वर बोट दाखवलं. लायब्ररीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीत टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या. दाजी एकीवर बसले आणि सवयीप्रमाणे फोनमध्ये डोकं घालून बसले.

थोड्या वेळाने समोरची खुर्ची सरकली...

"ये, बस," दाजी म्हणाले. वर बघितलं नाही. बघणार कशाला, फोनवर बढतीच्या गप्पा चालल्या होत्या.

मग आवाज आला...

टिक. टिक.

"काय, अभ्यास कसा चाललाय?"

टिक.

"छान. आपल्या भेटींचा फायदा झाला ना?"

यावेळी आवाज आला नाही. दाजींना त्याचंही काही वाटलं नाही. बोटं फोनवर चालवत ते दहा मिनिटं बोलले, जिद्द आणि चिकाटी वगैरे. अधूनमधून टिक व्हायचं. मुलगी ऐकतेय म्हणून त्यांना बरं वाटत होतं.

"चल, फोटो काढू," म्हणत त्यांनी मान वर केली.

समोर कुणीच नव्हतं...

खुर्ची मात्र टेबलापासून हातभर मागे होती. कुणीतरी बसल्यासारखी.

"कुणाशी बोलताय?" दारात लायब्ररीच्या बाई उभ्या होत्या. दाजींनी मुलीबद्दल विचारलं.

मग बाईंनी सांगितलं. ती मुलगी दर बुधवारी याच खोलीत पाच वाजेपर्यंत थांबायची. बस निघून जायची, मग चालत घरी. बाई म्हणायच्या, अगं नाही येत ते, तू जा. ती म्हणायची, सर शब्दाचे पक्के आहेत. नवव्या बुधवारी अशीच थांबून घरी निघाली आणि मोठ्या चौकात ट्रकने उडवलं. जागच्या जागी गेली.

"तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी फोनवर तो मेसेज काढून दाखवला.

खाली दाजींचं उत्तर होतं. अंगठा.

मेसेज न वाचता अंगठा पाठवायची त्यांची जुनी सवय आहे. माझ्या सासऱ्यांच्या निधनालाही पाठवला होता.

दाजींच्या बॅगेत सगळ्या फॉर्मच्या प्रती होत्या. त्यांनी नववा काढला. विद्यार्थ्याचा रकाना त्यांनी कायम कोरा सोडलेला...

तो भरलेला होता. हिरव्या शाईत.

'सर आले नाहीत. मी पाचपर्यंत थांबले.'

दहावा. 'सर आले नाहीत. मी थांबले आहे.'

अकरावा, बारावा, एकोणतिसावा. तेच वाक्य, तेच सुरेख अक्षर.

तिसावा फॉर्म बॅगेत सगळ्यात वर होता. त्यावर लिहिलं होतं...

'आज सर आले.'

त्याखाली दाजींचा मजकूर. आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला. 'यापुढेही या विद्यार्थिनीला माझा वेळ देत राहीन.'

बढती मिळाली. नको म्हणायला जी लाज लागते ती दाजींकडे नव्हतीच. पण आता ते दर बुधवारी अर्धी सुट्टी घेऊन घरी येतात. चार वाजता जेवणाच्या टेबलाशी बसतात. फोन उलटा ठेवतात आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत पाचपर्यंत ऐकत राहतात. काय ऐकतात ते सांगत नाहीत.

गेल्या बुधवारी मी स्वतः बघितलं. खरं सांगते, मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस गप्प बसलेला दिसत होता. मी म्हटलं, "दाजी, शेवटी झालात शब्दाचे पक्के."

समोरून आवाज आला...

टिक.

टेबलावर पेन नव्हतं.

ताई मला दारापर्यंत सोडायला आली. चेहरा पार उतरलेला. "पुढच्या बुधवारी येशील ना? मला एकटीला भीती वाटते गं."

"येते की, नक्की," मी म्हटलं. तिथून निघायचं होतं म्हणून म्हटलं.

आज बुधवार आहे. ताईचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.

आत्ता चार वाजून पाच मिनिटं झालीत. मी माझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय, घरात दुसरं कुणी नाही. समोरची खुर्ची मघाशी टेबलाला टेकलेली होती, एवढं मला पक्कं आठवतंय.