दोन हिसके

गाडीच्या आतलं प्लास्टिक काढायला ताकद नाही, सबुरी लागते. हे मी सांगून सांगून थकलो. तरी कोणी ना कोणी घरी स्क्रूड्रायव्हर खुपसतो, क्लिपा मोडतो आणि मग तोंड पाडून माझ्या दुकानात येतो.

त्या दुपारी गिऱ्हाईक घरचंच होतं. धाकटी बहीण ठकी जुनी गाडी विकत घेऊन आली होती. नवरा दूरच्या गावी नोकरीला. दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन एकटीच गाडी चालवत त्याच्याकडे निघणार होती. पुढे-मागे कॅमेरे बसवून दे, म्हणाली. रांगायला लागलेला गुंड्या मागच्या सीटवर, आपल्या खुर्चीत पट्ट्या बांधून गाढ झोपला होता.

मी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि चहा पिऊन होईपर्यंत थांबलो. एअरबॅगमध्ये वीज थोडा वेळ मुरून असते. घाई केली तर गाडी थोबाडीत मारते. मग प्लास्टिकच्या पट्टीने काचेशेजारच्या खांबाचं कव्हर अलगद उचकटलं. वायर एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही.

मागच्या कॅमेऱ्याच्या वायरीचं टोक कुठे अडकू नये म्हणून त्यावर कापडी टेप गुंडाळली आणि टेपेचं शेपूट दुमडलं. म्हणजे नंतर सोडवताना नखं झिजवायला नकोत.

"दादा, तुझं ते शेपूट अजून सुटलं नाही का?" ठकी हसली.

"घरात माकडं असली की शेपूट आलंच."

ती डिकी उघडून मागे उभी राहिली. शेजारी वेल्डिंगचं दुकान, हाका ऐकू येत नाहीत. म्हणून बाबांच्या वेळेपासून आमची रीत ठरलेली: टोक हाती लागलं की दोन हिसके द्यायचे. दोन हिसके म्हणजे 'मिळालं, आता सोड.'

मी छताच्या अस्तराआडून वायर सरकवू लागलो. मधल्या खांबापर्यंत ती अडखळत गेली. मग दोन हिसके बसले.

मी बोटं सैल केली. वायर कुठेही न अडता आत जाऊ लागली. पोरीचा हात बाबांसारखाच साफ आहे, असं वाटून बरं वाटलं.

तेवढ्यात वेल्डिंग थांबलं.

"दादा, झोपलास का? वायर कुठाय?"

मी वळून पाहिलं. ठकी डिकीपाशीच होती. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

माझ्या पायाशी वायरीचं भेंडोळं होतं, ते संपत आलं होतं. गाडीच्या दुप्पट लांबीची वायर आत गेली होती आणि अजून जात होती.

मी ती घट्ट धरली. क्लिपेत अडकलेली वायर टणक लागते, जन्म गेलाय माझा त्यात. ही टणक नव्हती. पलीकडून कोणीतरी ती नुसती धरून ठेवली होती.

"पोराला उचल आधी," मी म्हणालो.

"काय झालं?"

"उचल म्हणतो ना!"

तिने गुंड्याला उचललं आणि वायर सैल झाली. सगळी परत आली. टोक उघडं होतं. त्यावर टेप नव्हती.

मी सगळं अस्तर उतरवलं. आत फक्त धूळ होती.

"गाडी इथेच राहील," मी म्हणालो. "उद्या मी तुला माझ्या गाडीने सोडतो."

माझा चेहरा पाहून तिने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. बाळाला घेऊन बसने घरी गेली. पोर सुटलं म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, गुंड्याच्या मनगटाला टेप कशाला रे गुंडाळलीस? बाहीखाली होती, आत्ता कपडे बदलताना दिसली."

"कसली टेप?"

"तुझीच. शेपूट दुमडलंय की."

"काढ. आधी ती काढ."

"काढली रे." ती कुजबुजली. "पण तो झोपलाय आणि त्याचा हात सारखा वर ओढला जातोय. दोनदा. मग थांबतो. मग परत दोनदा."