चोवीस गायत्रींचे छायाचित्र

हे घडलेले आहे. यातले एक अक्षरही पदरचे नाही. माझे मावसभाऊ शशिकांत यांनी ते मला सांगितले, आणि ते छायाचित्र मी स्वतः हातात धरले आहे.

सन २०१४. नोव्हेंबरची अखेरची दुपार. जर्मनीतले कार्ल्सरूहे.

शशिकांतांच्या पत्नी, साधनावहिनी, जाऊन सात महिने झाले होते. एकवीस वर्षांचे बिऱ्हाड मोडून शशिकांत बॉनला मुलीकडे निघाले होते. सामान पुढे गेले होते. चार वाजता घरमालकिणीला किल्ल्या द्यायच्या होत्या. तत्पूर्वी रिकाम्या खोलीचे एक छायाचित्र त्यांना हवे होते. वहिनींची बसायची जागा डोळ्यांपुढे राहावी, एवढ्यासाठीच.

जुना कॅमेरा स्टँडवर चढला. आत अतिशय मंद फिल्म, पंचवीस आयएसओची. दुकानदार म्हणाला होता, "शेवटचा रोल. आता ही येत नाही."

फोनवर मुलगी मुक्ता हसली. "बाबा, मोबाईलवर काढा ना! एक क्लिक, फेर्टिश, झालं काम!"

"मोबाईलला घाई असते गं. ही फिल्म सावकाश पाहते. समोरून कुणी चालत गेलं तर उमटतही नाही. स्थिर असेल तेच राहतं."

"हे प्रवचन आईनं शंभरदा ऐकलंय. तुमची ट्रेन चुकेल!"

उजेड क्षीण होता. चार मिनिटे शटर उघडे ठेवावे लागणार होते. शशिकांत अशा वेळी घड्याळ पाहत नसत. मनात गायत्री म्हणत. चोवीस आवर्तने झाली, की चार मिनिटे.

शटर उघडले.

पहिल्याच आवर्तनाला लाकडी जमीन करकरली... एकदाच.

सातव्याला रस्त्यावरची ट्राम ऐकू येईनाशी झाली...

बाराव्याला हीटरची कुरकुर थांबली...

मग काहीच नाही.

खोली रिकामीच होती.

चोवीस पूर्ण झाली. त्यांनी कॅमेरा आवरला, दार ओढून कुलूप लावले, किल्ल्या दिल्या आणि ट्रेन गाठली.

पंधरा दिवसांनी बॉनमध्ये फोटो हाती आला.

खिडकीखाली, जमिनीवर... साधनावहिनी बसल्या होत्या.

पुसट नव्हे. पापणीन् पापणी मोजून घ्यावी इतक्या स्पष्ट. चार मिनिटे त्या तसूभरही हलल्या नव्हत्या.

शशिकांतांचा जीव त्याने नव्हे, वेगळ्याच गोष्टीने गोठला.

वहिनींच्या अंगात हिवाळी कोट होता. मांडीवर पर्स. आणि घरात कधीही पायताण न घालणाऱ्या त्या माउलीच्या पायांत... बूट होते.

त्या निघायला तयार होऊन बसल्या होत्या.

आणि शशिकांतांनी बाहेरून कुलूप लावले होते.

त्यानंतर ते दोनदा कार्ल्सरूहेला जाऊन आले. खिडकीला नवे पडदे, बेलवर परके नाव. बेल दाबून सांगणार तरी काय? समोरच्या फुटपाथवर उभे राहून परतले.

"अजून तिथंच बसली असेल का रे?" असे ते मला विचारतात.