ओटिलीला दिलेलं उत्तर

ही गोष्ट वैजयंतीची, दोन हजार चार सालच्या हिवाळ्यातली. नवऱ्याच्या, प्रणवच्या नोकरीमुळे ती पुण्याहून नॉटिंगहॅमला आली, तेव्हा चार वर्षांच्या अक्षयाला सासूबाईंजवळ ठेवून आली होती. प्रणवचं कॉन्ट्रॅक्ट थोड्याच महिन्यांचं आणि राहायला एक खोली. बस्तान बसलं की लेकीला आणू, असं ठरलं होतं. कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं, आणि लेकीला आणणं पुढे पुढे जात राहिलं. अक्षया फोनवर विचारायची, "आई, कधी येणार?" वैजयंती म्हणायची, "लवकर." हल्ली अक्षयानं विचारणंच सोडलं होतं. ते जास्त लागायचं.

पुण्यात वैजयंती जर्मन शिकवायची. त्या जोरावर तिला शहराबाहेरच्या एका जुन्या सरदारी घरात काम मिळालं. लोक तिकीट काढून ते घर बघायला येत. जर्मन पाहुणे आले की वैजयंती त्यांना घर फिरवून दाखवायची.

त्या घरात वरच्या मजल्यावर राजकन्या ओटिलीची खोली होती. जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानाची ही मुलगी. बाप वारला, आईचं दुसरं लग्न ठरलं आणि नव्या घरात या पोरीला जागा नव्हती. म्हणून तिला इथे, इंग्लंडमधल्या नातेवाइकांकडे पाठवलं. वसंतात न्यायला येते, असं आई सांगून गेली. पोरीला इंग्रजी लवकर यावं म्हणून तिच्याशी कुणी जर्मन बोलायचं नाही, असा घरात हुकूम होता. दुसऱ्या हिवाळ्यात तिला घटसर्प झाला. तापात ती शिकलेलं सगळं इंग्रजी विसरली. शेवटपर्यंत ती काहीतरी एकच विचारत होती, पण उशाशी बसलेल्या बाईला ते कळलं नाही. पाच वर्षांचीही झाली नव्हती. आई आली ती पोरीला पुरून झाल्यावर.

एवढं सांगून वैजयंती पाहुण्यांना घाईनं पुढच्या खोलीत न्यायची.

डिसेंबरातल्या त्या दुपारी कुणीच आलं नव्हतं. बाहेर धुकं दाटलेलं, आणि चार वाजायच्या आतच अंधारून आलेलं. तिकिटाच्या टेबलाशी बसणारी म्हातारी डोरीन सगळ्यांना तिथल्या रिवाजाप्रमाणे लाडानं 'डक' म्हणायची. ती म्हणाली, "ओटिलीच्या खोलीतल्या खिडक्यांची शटर्स लावून येतेस का, डक? माझे गुडघे आज ऐकत नाहीत."

"येते ना."

"आणि वर काही ऐकू आलं तर... लक्ष देऊ नकोस."

"काय ऐकू येतं?"

डोरीननं टेबलाचा खण उघडला. "ऐकू येतं. कळत नाही," ती म्हणाली.

वैजयंती जिना चढून गेली. खोलीत मेणाच्या पॉलिशचा नेहमीचा वास होता, पण त्याच्याखाली आज आणखी एक वास होता. आंबूस, उष्ण. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ओठ टेकले की येतो तसा. तिनं एक शटर ओढून घेतलं, मग दुसरं. खोली काळोखली. दारातून येणारा उजेड तेवढा गालिच्यावर पडला होता.

तेव्हा तिला श्वास ऐकू आला. घरघर लागलेला, अडत अडत येणारा. पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडच्या छोट्या पलंगावरून.

तिनं तिकडे पाहिलं नाही. पाय दाराकडे वळले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, घसा बसलेला, जेमतेम ऐकू येईल असा.

"मामा...?"

जर्मनमध्ये आईला मामा म्हणतात.

"मामा... तू आहेस का?"

पळावंसं वाटत होतं, पण पाय उचलेनात. तो प्रश्न पुन्हा आला, आणि पुन्हा. आवाजात हट्ट नव्हता, तक्रारही नव्हती. उत्तर मिळणार नाही याची सवय झालेला आवाज होता तो. फोनवर अक्षया शेवटीशेवटी अशीच विचारायची. त्यासरशी वैजयंतीच्या तोंडून शब्द निघून गेला.

"या."

म्हणजे हो. जर्मनमध्ये हो.

श्वासाची घरघर थांबली. पलंगावरची चादर हलली. खोली इतकी शांत झाली, की खालच्या मजल्यावर डोरीन टेबलाचा खण बंद करते आहे, तेही ऐकू आलं.

वैजयंती जिना कसा उतरली ते तिला आठवत नाही. अर्ध्या जिन्यात तिच्या मनात आलं, की आपल्या मराठीत 'या' म्हणजे हो नव्हे. पण तोवर बोलून झालं होतं.

कोट न घालताच ती बाहेर आवारात आली आणि तिनं पुण्याला फोन लावला. तिथे रात्रीची जेवणं आटोपली असतील. सासूबाईंनी लगेच उचलला.

"आई, अक्षया बरी आहे ना?"

"अगं, आत्ताच उठून बसली होती झोपेतून. मी म्हटलं स्वप्न पडलं असेल. रडली नाही, काही नाही."

"काही म्हणाली का?"

"जाऊ दे गं. पोर आहे..."

"आई, सांगा."

"म्हणाली, 'आजी, आईनं त्या मुलीला हो म्हटलं. आता आई तिची.' आणि भिंतीकडे तोंड करून झोपली."

वैजयंती धुक्यात तशीच उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावर गार होत गेलं. मग ती ठामपणे म्हणाली, "तिला उठवा. सांगा, आई येतेय. प्रणवला जमो न जमो, मी निघते. कायमची."

"खरंच येतेस, वैजू?" सासूबाईंचा आवाज भरून आला.

"खरंच. तिकीट मिळेल त्या दिवशी."

आवारात चिटपाखरू नव्हतं. वैजयंतीच्या मोकळ्या हाताच्या करंगळीभोवती बारीक, कढत बोटं आवळली गेली. आणि कमरेच्या उंचीवरून, आता घरघर मुळीच नसलेल्या स्वच्छ आवाजात कुणीतरी जर्मनमध्ये विचारलं,

"आपण कधी निघायचं?"