आमटीतला दुसरा हात

शर्वरीच्या शेगडीवर रविवारी सकाळी निरंजनच्या हातची आमटी उकळत होती. तिच्याबरोबर तीन वर्षं संसार केलेला निरंजन स्वतः मात्र दिवाळीतच घर सोडून गेला होता.

याचं नवल वाटायचे दिवस आता संपले होते. कोल्हापुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत अशा जाणत्या शेगड्या आल्या होत्या. काठात वजनाचा काटा, वर वाफेचा वास ओळखणारी पट्टी आणि एक बारीकसा डोळा. कोण फोडणी किती तापवतं, मीठ आधी घालतं की मागून, कुणाची चिमूट केवढी, हे सगळं शेगडी महिनोन्महिने बघत राहायची आणि त्यातून त्या माणसाचा 'हातठसा' तयार करायची. मग माणूस घरात असो वा नसो, कप्प्यांतलं सामान घेऊन, स्वतःचा डाव फिरवून ती त्याच्या हातची चव उतरवायची. परदेशी जाणाऱ्या मुलांनी आपापल्या आयांचे हात बरोबर नेले होते. जग सोडून गेलेल्या माणसांचेही हात कित्येक घरांत रोज रांधत होते. त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नसे.

"माणूस गेला आणि हिनं त्याची आमटी ठेवून घेतली," गुलशन मुजावर ओट्याला टेकत म्हणाली. "मी तुला सरळ सांगतो शर्वे, किडलेला दात काढून टाकायचा असतोय. हलवत बसलं की जास्त दुखतंय."

कोल्हापूरच्या मुली आपसात 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात, आणि गुलशन तर दवाखान्यातही तसंच बोलायची. ती दातांची डॉक्टर होती, त्यामुळे जगातले सगळे प्रश्न तिला दाढेसारखे दिसत. शर्वरीची शाळेपासूनची मैत्रीण असल्यानं तिला काहीही बोलायची मुभा होती.

"दात नवा बसवता येतो, गुलशन. माणूस बसवता येतो का?" टेबलाशी बसलेला दिगंबर तायशेटे म्हणाला. हा तिघांतला तिसरा. कॉलेजात गणित शिकवायचा, मुली बघून बघून थकला होता, आणि त्यामुळेच की काय, प्रेम या विषयावर अधिकारवाणीनं बोलायचा.

"तू एक तरी बसवून दाखव, मग बोल."

"माझं सोड. निरंजन आज येणार आणि स्वतःचा हात घेऊन जाणार. मग ही काय खाणार?"

नेमकं तेच शर्वरी कालपासून स्वतःला विचारत होती. निरंजनचा निरोप त्याच्यासारखाच होता, आटोपशीर. 'रविवारी दुपारी येतो. माझा हातठसा नेतो. तुझ्याकडचा पुसून टाकू.' नियम तसाच होता. वेगळं होताना ज्यानं त्यानं आपापला हात न्यायचा. भांडी, पुस्तकं, पंखा सगळं वाटून झालं होतं. त्याचं म्हणून घरात उरली होती ती ही आमटी, आणि फळीवर त्याच्या आईनं राजापूरहून पाठवलेल्या कोकमाच्या आगळाची अर्धी बाटली. त्या घट्ट आंबट रसाची बाटली फेकून द्यायला शर्वरीचा हात धजला नव्हता. तिला निरंजन हवा होता की नुसती त्याची चव, हे तिचं तिलाच कळत नव्हतं, आणि दुपारपर्यंत ते कळायला हवं होतं.

भांडण झालं तेही चवीवरूनच. निरंजन अबोल. काहीही रांधलं तरी त्याचं एकच उत्तर, "बरी झालीय." दिवाळीत शर्वरीचा बांध फुटला. "तीन वर्षांत तुला माझ्यातलं काहीच बदलावंसं वाटलं नाही? म्हणजे तुझं माझ्याकडं लक्षच नाही," ती म्हणाली होती. त्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाला आणि बॅग भरली.

"काढ," शर्वरी शेगडीला म्हणाली. "निरंजनचा आमटीचा हात वेगळा काढून ठेव. त्याला द्यायचाय."

शेगडीतून आवाज आला. "या आमटीत दोन हात आहेत. फक्त निरंजन यांचा वेगळा केला तर चव बदलेल. आधी करून दाखवू का?"

"दाखव," दिगंबरच परस्पर म्हणाला.

डाळ शिजलेली होतीच. थोड्याच वेळात वाटी भरली. दिगंबरनं भुरका मारला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. गुलशननं चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "याच्यानं दातांवरची कवचं जातील रं."

"गूळ वगळला आहे," शेगडीनं खुलासा केला. "गूळ शर्वरी यांचा हात घालत असे. निरंजन ताटं घ्यायला गेल्यावर."

दोघांनी शर्वरीकडे पाहिलं. ती लाल झाली होती.

"तीन वर्षं?" गुलशननं विचारलं.

"त्याच्या आईच्या पद्धतीची आमटी होती. सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं."

दिगंबरमधला गणिताचा मास्तर जागा झाला. समीकरणाची एक बाजू सोडवून गप्प बसणं त्याला जमत नसे. "आता हिच्या हातची आमटी कर," त्यानं शेगडीला सांगितलं. "फक्त हिच्या."

ती आमटी कुणालाच दुसऱ्या चमच्यापर्यंत नेववली नाही. गुळाचा पाक बरा, इतकी गोड.

"ही माझी नाही," शर्वरी म्हणाली. "मी असली नाही करत."

"आगळ वगळलं आहे. ते निरंजन यांचा हात घालत असे. शर्वरी फोनवर असताना."

शर्वरी खुर्चीवर बसली. ज्या माणसाचं आपल्याकडं लक्ष नाही म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं, तो माणूस तिचा गुळाचा हात रोज चवीवरून ओळखत होता आणि रोज, तिला न दुखवता, सावरून घेत होता. तिला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही येत होतं, त्यामुळे दोन्ही धड होईना.

"लबाड हाय की ह्यो," गुलशन हळूच म्हणाली. तिच्या आवाजातली पक्कड एकदम सैल झाली होती. "शर्वे, याला जाऊ देऊ नकोस."

आता बाजू बदलायची पाळी दिगंबरची होती. "दोघांचा मिळून झालेला हात कुणाचा?" त्यानं शेगडीला विचारलं.

"दोघांचा. ठेवायचा तर दोघांकडे राहील. पुसायचा तर दोघांकडून पुसला जाईल."

"मग दोघांकडं ठेवा," दिगंबर म्हणाला. "अबोला, लपवाछपवी, गूळ, आगळ, सगळं या शेगडीच्या पोटात आहे. तू इथं खा, तो तिकडं खाईल. भांडण नाही, तंटा नाही. आता माणसं लागतातच कशाला?"

तो चेष्टेनं बोलला होता, पण बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

शर्वरी शेगडीकडे बघत राहिली. शेगडी गूळ अगदी अचूक घालायची. पण घालताना दाराकडे एकदा बघायची धडधड तिच्यात नव्हती. कुणाला वाईट वाटेल याची भीती तिला नव्हती.

बेल वाजली. गुलशननं दिगंबरला दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि दार अर्धवटच लावलं, कारण सगळंच ऐकू येऊ नये इतकी काही ती थोर नव्हती.

निरंजन थोडा वाळला होता. "काढून झाला का?" त्यानं विचारलं.

"चव बघ."

त्यानं पहिल्या वाटीतला चमचा घेतला. गाल आत ओढले गेले. "बरी झालीय."

"खोटं नको बोलूस. ती फक्त तुझी आहे. आणि ही फक्त माझी."

त्यानं दुसरी वाटी चाखली. मग दोन्ही वाट्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला. हळूहळू त्याचे कान तांबडे झाले.

"तू गूळ घालायचीस, ते मला कळायचं."

"म्हणून तू आगळ घालायचास?"

"सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. शर्वरीनं त्याच्याबद्दल जवळपास हेच शब्द मघाशी उच्चारले होते. गॅलरीत कुणीतरी नाक ओढलं. ते दिगंबरचं होतं.

शर्वरी उठली. तिनं हात पुसायचं फडकं शेगडीच्या डोळ्यावर टाकलं, पातेलं धुतलं आणि साध्या आचेवर स्वतः फोडणी दिली. डाळ ओतली. मग गुळाचा खडा घेतला, निरंजनला दिसेल असा धरला आणि आमटीत सोडला. खडा नेहमीसारखा मोठाच होता.

निरंजननं फळीवरची बाटली घेतली. झाकण काढलं. आणि तिथंच थांबला. तीन वर्षं जी गोष्ट तो रोज सहज करत आला होता, ती तिच्या डोळ्यांदेखत करताना त्याचा हात पातेल्यावर अवघडून राहिला. आमटीला उकळी आली होती. आता फार वेळ नव्हता.

शर्वरीनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"मी जरा पाठ फिरवू का?" तिनं विचारलं.