शेपटाकडची जागा

सरकारी मोटार पदक पोचवून गेली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. सासूबाई लगेच डबी छातीशी धरून शेजारणीला दाखवायला निघाल्या. जिवंतपणी ज्या लेकाला "विमानं कसली उडवतोस, काहीतरी कामधंदा बघ" म्हणून ऐकवलं, त्याचं आता केवढं कौतुक! मेल्यावर माणूस किती गुणाचा होतो, ते सून मुकाट्याने पाहत होती.

मोटारीतून आलेला एकजण मात्र मागे राहिला. नवऱ्याच्या बॉम्बर विमानावरचा हा तारवाला, बिनतारी यंत्र सांभाळणारा. हल्ल्याच्या धास्तीने खिडक्यांना अजून काळा कागद होता, त्यामुळे खोलीत अंधार आधीच येऊन बसला होता. तारवाल्याच्या मफलरला जळक्या रबराचा वास येत होता.

"भावजी, खरं सांगा," ती म्हणाली. "विमान पेटल्यावर सगळ्यांनी उड्या टाकल्या. यांनीच का नाही? माझ्यापेक्षा ते लोखंड जवळचं होतं त्यांना?"

हाच काटा वर्षभर तिच्या काळजात होता. मानपत्रात लिहिलं होतं, 'अखेरपर्यंत सुकाणू सोडले नाही.' लोक टाळ्या वाजवत आणि ती दातओठ खाई.

"आमची एक रीत होती, वहिनी. तोफची विमानाच्या शेपटात एकटाच बसतो. थंडीने डोळा लागतो तिथे. म्हणून कप्तान, म्हणजे तुमचे हे, अधूनमधून विचारायचे, 'शेपूट?' त्याने म्हणायचं, 'जागा!' बस, एवढंच."

"मग?"

"त्या दिवशी परतताना शेपटावर गोळ्या बसल्या. मी मागे जाऊन आलो. तोफची संपला होता. त्याचे डोळे मीच मिटले. मग इंजिन पेटलं. कप्तानांनी उड्या टाकायचा हुकूम दिला, स्वतःही हवाई छत्री बांधून उठले. जाता जाता नुसत्या सवयीने विचारलं, 'शेपूट?'" त्याने मफलर सैल केला. "कानावरच्या यंत्रातून आवाज आला... 'जागा...'"

"अहो, पण तो तर..."

"हो. पण कप्तान म्हणाले, 'जिवंत आहे रे, आणतो त्याला!' सुकाणू आपोआप चालायची कळ दाबून ते मागे धावले. मी उडी टाकली."

"म्हणजे मेलेल्यासाठी मेला माझा माणूस!" ती कडवट हसली. "आणि पदक कशाचं, तर सुकाणूचं!"

"त्यांना घरी यायचं होतं, वहिनी. छत्री तशीच अंगावर होती."

वर्षभर कोरडे राहिलेले तिचे डोळे वाहू लागले. नवरा तिला टाकून गेला नव्हता. एवढं तरी पदरात पडलं. डोळे पुसून ती दिवा लावायला उठली.

"'जागा' म्हणजे झोपलेला नाही, असंच आम्ही समजत होतो..." तारवाल्याचा आवाज खाली गेला. "आता वाटतं, तो जागा मागत होता. बदलून."

"काय बोलताय हे?"

"विमान पडलं त्या शेतात सगळ्यांच्या आधी मी पोचलो. साहेब नंतर आले, त्यांनी हवं ते लिहिलं. शेपटातल्या खुर्चीत कप्तान होते. आणि तोफची पुढे, कप्तानांच्या खुर्चीत... सुकाणूवर दोन्ही मुठी आवळून. डोळे उघडे."

तिचा हात काडेपेटीवरच थिजला.

"हे स्वतःच बसले असतील तिथे... धक्का बसू नये म्हणून..."

"मीही तेच म्हणालो मनाशी. पण त्यांना खुर्चीला बांधलं होतं, वहिनी. गाठ खुर्चीच्या पाठीमागे होती. माणसाचा स्वतःचा हात तिथे पोचत नाही."