भैरूची बॅटरी

खंडेनवमीला दुपारनंतर चाकणच्या पट्ट्यात जी सामसूम होते, तशी वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी होत नाही. सकाळी मशिनींना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतात. पेढे वाटून झाले की कंपन्यांच्या बसगाड्या भरभरून निघतात, आणि एरवी रात्रंदिवस धडधडणारा तो सगळा मुलूख कानात बोळे घातल्यासारखा गप्प होतो. अशा दिवशी ड्यूटी कुणालाच नको असते. मिनलनं ती मागून घेतली होती.

कारण साधं होतं. दापोडीच्या तिच्या घरात खंडेनवमीपेक्षा दुसरा दिवस मोठा. दसऱ्याला तिची आई, कस्तुरा, पांढरीशुभ्र साडी नेसून देहूरोडच्या बुद्धविहारात जाते, आणि लेक बरोबर नसेल तर घरातून पाय उचलत नाही. म्हणून मिनलनं आपल्या साहेबांना, ज्योतीरामांना, आधीच सांगून टाकलं होतं, "सर, आज मी थांबते. उद्या मला मोकळं सोडा."

"एकटी थांबशील?"

"एकटी कुठं? बॅटऱ्या आहेत की सोबतीला."

ज्योतीराम हसले. पण ते खोटं नव्हतं. म्हाळुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाड्यांच्या सुट्या भागांचं भलंमोठं गोदाम. आत माल उचलायला फोर्कलिफ्ट, आणि त्या सगळ्या बॅटरीवर चालणाऱ्या. ही बॅटरी म्हणजे आपल्या चारचाकीतली नव्हे. लोखंडी पेटीत दाटीवाटीनं बसवलेले सेल, आणि वजन टनाच्या वर. पाळीच्या मध्येच ती उतरली की ऑपरेटर गाडी घेऊन बॅटरी-रूममध्ये येतो. तिथं मिनल असते. रोलरची ट्रॉली गाडीला बरोबर खेटवायची, खटका लावायचा, उतरलेली पेटी ओढून घ्यायची, भरलेली आत सारायची. ऑपरेटरचा चहा संपायच्या आत गाडी परत कामावर. आयटीआय करून आलेली, बारीक अंगाची ही मुलगी ते धूड हलवताना पाहिलं की नवे लोक जागीच थांबायचे. तिची घाई कधी दिसायची नाही आणि तिचं काम कधी अडायचं नाही. कानही तसाच. दहा बॅटऱ्या चार्जला लावलेल्या असल्या तरी कुठला सेल आजारी आहे हे ती नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखायची, आणि मग काचेच्या नळीत त्यातलं पाणी ओढून घेऊन खात्री करायची.

सुट्टीच्या दिवशी या बॅटऱ्यांना सावकाश, भरपूर वेळ चार्ज द्यायचा असतो. ते काम त्या दिवशी चालू होतं. अशा वेळी सेलमधून वायू सुटतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. पण कोंडला आणि एखादी ठिणगी पडली तर डोक्यावर छप्पर राहत नाही. म्हणून खोलीच्या भिंतीत एक दांडगा पंखा चोवीस तास फिरत असतो.

दिवस मावळायला आला तेव्हा मिनल फाटकावर चिमाजींकडे चहाला गेली. चिमाजी म्हणजे म्हाळुंग्याचेच म्हातारे वॉचमन. कपातला शेवटचा घोट घेऊन ते म्हणाले, "पोरी, आता बंद कर आन् जा घरला. आजची सांज बरी न्हाई."

"का हो बाबा?"

"न्हाई, उगं आपलं..." म्हणून ते विडी शोधायला लागले.

मिनल भुताखेतांना मानणाऱ्यांतली नव्हती. ते त्यांच्या घराच्या शिकवणीतच नव्हतं. तिनं कप विसळला आणि ती परत निघाली.

बॅटरी-रूमच्या दाराशी आली आणि थबकली. काहीतरी कमी होतं. मग लक्षात आलं... पंख्याचा आवाज नाही. त्याच्या घरघरीखाली एरवी दबलेला दुसराच आवाज आता खोलीभर पसरला होता. चुलीवर भाताचं आधण रटरटावं तसा. पंखा बंद पडला होता, चार्जर मात्र चालूच होते, आणि ॲसिडचा आंबूस, घशात चरचरणारा वास दारापर्यंत आला होता.

आणि खोलीत एक फोर्कलिफ्ट उभी होती.

समोरचं शटर खाली होतं. दुपारी तिनं स्वतः लावलेलं. गाडी आली कुठून? तिच्यावरही झेंडूची माळ होती. पण सकाळच्या माळा अजून टवटवीत होत्या. ही वाळून, काळी पडून तारेला चिकटली होती. सीटवर एक माणूस पाठमोरा बसला होता.

"बॅटरी उतरलीय," तो म्हणाला. "बदलायचीय."

"आज गाड्या बंद आहेत, भाऊ. तुम्ही कुठल्या पाळीचे?"

"सेकंड शिफ्ट."

"आज सेकंड शिफ्ट नाही."

"कंटेनर उभा हाय... माल उतरवायचा राहिलाय."

तो पाठमोराच होता. पण आवाज मात्र मिनलच्या तोंडासमोरून येत होता. कुणी हातभर अंतरावर उभं राहून बोलावं, तसा. तिच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला.

तो खाली उतरला. पावलं वाजली नाहीत. भिंतीकडच्या चार्जिंगला लावलेल्या एका बॅटरीपाशी गेला आणि त्यानं प्लगवर हात ठेवला. तो हात कोपरापासून काळा होता. ग्रीस असेल, असं तिला आधी वाटलं. ते ग्रीस नव्हतं.

चालू चार्जरचा प्लग ओढला की ठिणगी उडते. एवढीशीच. पण या खोलीत आत्ता तेवढी पुरली असती. मागच्या भिंतीला लागूनच शेजारच्या कंपनीच्या कामगारांच्या खोल्या होत्या. तिथं कुणाचं तरी मूल रडत असलेलं ऐकू येत होतं.

माणूस अशा वेळी पळतो. मिनलही पळाली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. पण तिनं आपल्या भीतीला बाजूला उभं केलं, हा माणूस कोण ते नंतर बघू असं मनाशी म्हणाली, आणि आधी त्या प्लगकडे पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "हात काढा. प्लग मी काढणार. ते माझं काम आहे."

"घाई हाय..."

"असू द्या. माझ्या खोलीत घाई चालत नाही. बॅटरी बदलून देते, शब्द आहे माझा. पण आधी हात काढा."

हात तसाच राहिला. बोटं प्लगवर आवळली गेली. भिंतीपलीकडचं मूल रडायचं थांबलं, आणि नुसता तो रटरट आवाज उरला.

मग हात निघाला. हळूहळू, एकेक बोट.

चार्जरचा मोठा स्विच खोलीच्या बाहेर, बोळात होता. मिनल उलट्या पावलांनी बाहेर गेली आणि तो पाडला. आतले सगळे काटे शून्यावर आले. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नव्हता, मोबाईल बोळातच ठेवायचा होता. आता शटर. ते हातानं साखळी ओढून वर घ्यावं लागे, आणि साखळी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्या पाठीमागून जायचं, आणि मग आपली पाठ त्याच्याकडे करून उभं राहायचं.

ती गेली. साखळी ओढू लागली. एकेक कडी खडखडत वर चालली, आणि तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, गारठा येऊन थांबला. उघड्या फ्रीजसमोर उभं राहावं तसा. केस जळल्याचा वास आला. तिनं मान वळवली नाही. हातही थांबवला नाही. शटर वर गेलं आणि बाहेरच्या मोकळ्या रानाचा वारा आत शिरला.

"आता वायू जाऊ दे," ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं शब्द तोडून तोडून उच्चारले. "मग बदलू."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

ती दोघं थांबली. बाहेरचा उजेड जांभळा झाला, मग राखी. एकेक सेल शांत होत गेला. त्या अंधारात तो कुठं उभा आहे हे तिला फक्त गारठ्यावरून कळत होतं. बऱ्याच वेळानं तो बोलला.

"त्या दिवशी... असं कुणी म्हणलं न्हाई."

"काय?"

"थांब म्हणून."

मिनलनं चष्मा लावला, रबरी हातमोजे चढवले, आणि ट्रॉली ढकलत त्याच्या गाडीपाशी नेली. रोजच्यासारखीच, कुठलीही पायरी न गाळता. झाकण वर केलं. जोड सोडवला. आकडा अडकवून पेटी ओढली, आणि ती रोलरवरून इतकी अलगद आली की मिनलचा तोल जाता जाता वाचला. हातमोज्यातूनही तिला ती कोमट लागली. तिनं ती कोपऱ्यातल्या स्टँडवर सरकवली, भरलेल्यांतल्या एकीचा प्लग आता आपल्या हातानं काढला, ती आत सारली, खटका लावला, जोड बसवला.

गाडीच्या पॅनेलवर हिरवा दिवा लागला.

"झालं," ती म्हणाली. "जा आता."

तो सीटवर बसला. गाडी मागे आली, वळली. मागे घेताना जो पिपाणीसारखा आवाज होतो, तो झाला नाही. शटरच्या बाहेर पडता पडता गाडी थांबली.

"सांभाळून जा, भाऊ," मिनल म्हणाली. ती सगळ्याच ऑपरेटरना म्हणायची.

तेव्हा पहिल्यांदाच तो मागे वळू लागला. मिनलनं मान खाली घातली. काही चेहरे आपण पाहायचे नसतात. त्यात भीती जेवढी असते, तेवढाच मानही असतो.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा बाहेर नुसतं रान होतं.

थोड्या वेळानं टॉर्च हलवत चिमाजी आले. "शटर का उघडं? कुणासंगं बोलत हुतीस?"

तिनं सांगितलं. जसं झालं तसं, मीठमसाला न लावता. चिमाजींनी टॉर्च विझवला आणि ते उंबऱ्यावरच बसले.

"भैरू," ते म्हणाले. "ही इमारत व्हायच्या आदी हितं पत्र्याची शेड हुती. आशीच खंडेनवमी. पंखा बंद, खोलीत कुणी न्हाई, आन् साहेब लोकांची घाई... कंटेनर थांबलाय, कंटेनर थांबलाय. त्यानं आपल्याच हातानं प्लग वढला." त्यांनी विझलेला टॉर्च मांडीवर ठेवला. "दरसाली आज शटर वाजतं. गेल्या साली ज्यो पोरगा ड्यूटीला हुता, त्यो परत कामावर आला न्हाई. आन् तू... तू त्याला थांबीवलंस?"

"त्यांना नाही थांबवलं, बाबा. नुसता प्लगवरचा हात थांबवला."

म्हाताऱ्यानं अंधारातच तिच्या दिशेनं हात जोडले. तिनं घाईघाईनं ते खाली केले.

दुसऱ्या दिवशी मिनल आईबरोबर देहूरोडला गेली. पांढऱ्या कपड्यांच्या त्या समुद्रात बसून तिनं वंदना म्हटली, आणि पूर्वी कधी लागला नव्हता इतका तिचा आवाज स्थिर लागला.

कामावर परतल्यावर तिनं ज्योतीरामांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग बॅटऱ्या तपासायला गेले आणि आले ते पांढरेफटक होऊन. एक भरलेली बॅटरी कमी होती. टनाच्या वरची पेटी, फाटकाला कुलूप, फाटकावर चिमाजी. आणि कोपऱ्यातल्या स्टँडवर जी होती तिच्या पेटीवरचा ठोकलेला नंबर गोदामातल्या कुठल्याच गाडीचा नव्हता. भैरूची गाडी तर त्या अपघातानंतर बॅटरीसकट भंगारात गेली होती.

"मी असतो तर पळालो असतो, मिनल," ज्योतीराम म्हणाले. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं आणि ते लाजलेही नाहीत. "तुला काय हवं ते सांग."

तिनं एकच मागितलं. पंखा थांबला की चार्जर आपोआप बंद झाले पाहिजेत, अशी जोडणी. आठवड्याच्या आत ती झाली. ज्योतीरामांनी आजूबाजूच्या कंपन्यांनाही ती करायला लावली. त्या पट्ट्यात लोक त्या जोडणीला आजही "मिनलची वायर" म्हणतात. आणि पुढच्या खंडेनवमीला चिमाजी मुद्दाम दिवेलागणीपर्यंत शटरपाशी बसून राहिले. शटर वाजलं नाही.

ती बॅटरी मात्र अजून तिथंच आहे. भंगारवाल्याची माणसं दोनदा आली. पेटीला हात लावला आणि तशीच निघून गेली. ती कशालाच जोडलेली नाही. मीटर लावलं तर काटा हलत नाही. तरी हिवाळ्यातल्या सकाळी, सगळं लोखंड बर्फासारखं गार असताना, ती माणसाच्या अंगाइतकी कोमट असते. आणि तिच्यातलं पाणी आटतं. चार्जला न लावलेल्या बॅटरीचं पाणी असं आटत नाही. खाली फरशी कोरडी, पेटीला कुठं चीर नाही. तरी या सोमवारी काठोकाठ भरलेले सेल पुढच्या सोमवारी पार आतल्या प्लेटांपर्यंत सुकलेले. मिनल दर आठवड्याला शुद्ध पाण्याचा कॅन घेते आणि एकेक झाकण उघडून भरते.

गेल्या सोमवारीही ती तशीच वाकली होती. झाकण काढलं, कॅन तिरपा करायला उचलला. पाण्याचा एक थेंबही अजून पडला नव्हता... आणि त्या सुकलेल्या सेलच्या आतून, अगदी स्पष्ट, घोट गिळल्याचा आवाज आला.