डावा बर्नर

"डावा बर्नर टिकतच नाही गं," असं ताई फोनवर म्हणाली तेव्हा मी हसले होते. भट्टीचा बर्नर विझायची कारणं बोटांवर मोजण्याइतकी असतात. जेट तुंबतो, गॅसचं प्रेशर पडतं, चिमणी उलटी वाहते, नाहीतर थर्मोकपल जातं. हॉटेलं, कॅन्टीनं आणि बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. भट्टी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. "आपोआप बंद पडली हो," असं शपथेवर सांगणाऱ्या आचाऱ्याने आदल्याच दिवशी बर्नरवर सूप सांडलेलं असतं.

ताईने काही सांडलं नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे माझे दाजी, नुकतेच गेले होते आणि ते असेपर्यंत तिला भट्टीला हात लावायची मुभाच नव्हती. पीठ ती मळायची, साचे ती भरायची, गरम पाव ती काढायची. बर्नर मात्र दाजीच पेटवणार आणि दाजीच विझवणार. विझवायची त्यांची रीतही जगावेगळी. नॉब फिरवायचा सोडून ते भट्टीपुढे गुडघ्यांवर बसायचे, खालचं छोटं झाकण उघडायचे आणि तोंड जवळ नेऊन डाव्या बर्नरची ज्वाला फुंकायचे. उजव्याचं झाकण भिंतीलगत होतं, तिथे डोकं शिरायचं नाही, म्हणून तो बिचारा नॉबने बंद व्हायचा. "दाजी, हा डावा नॉब काय शोभेला दिलाय?" असं मी एकदा विचारलं. "तू तुझ्या भट्ट्या सांभाळ," म्हणाले. मला त्यांचा राग यायचा, आणि ते गेले म्हणून तो काही कमी झालेला नाही.

त्या दिवशी दुपारी गॅसची तपासणी करणारे साहेब येणार होते. बेकरीचा परवाना ताईच्या नावावर व्हायचा तर तिने त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने दोन्ही बर्नर पेटवून दाखवायचे होते. बर्नर टिकले नाहीत तर जोडणी बंद, म्हणजे बेकरी बंद.

मी सकाळीच हत्यारांची पेटी घेऊन पोचले. मागची खोली लांबट, एकाच खिडकीची. टेबलाच्या कडांवर, विजेच्या बटणांवर, कॅलेंडरच्या खिळ्यावरसुद्धा पिठाचा पातळ थर. टोकाला काळी भट्टी, आणि तिच्यासमोर स्टुलावर चहा पीत बसलेला ताईचा दीर.

"या बाईमिस्त्री," तो म्हणाला. "दादा गेला आणि भट्टी रुसली बघा."

"भट्टी रुसत नाही. रुसतात ती माणसं."

ताईने नॉब दाबून काडी लावली. निळी ज्वाला सरळ, एकसारखी उभी राहिली. नॉब सोडला तरी टिकली. मी तोंडाने 'झालं की' म्हणणार एवढ्यात ज्वाला मागे वाकली आणि विझली. खट् करून गॅसचा व्हॉल्व्ह मिटला.

मी बाह्या सरसावल्या. जेट काढून साफ केला. गेज लावून प्रेशर पाहिलं, काटा जागचा हलला नाही. कागद पेटवून चिमणीखाली धरला, धूर निमूटपणे वर गेला. मग माझी नेहमीची रीत. संशय आला की उजवीकडचा भाग डावीकडे लावायचा आणि डावीकडचा उजवीकडे. दोष त्या भागात असेल तर तो भागाबरोबर जागा बदलतो. थर्मोकपल ही ज्वालेत बसणारी तांब्याची काडी. ती तापलेली असेपर्यंतच गॅस चालू राहतो. आधी ती बदलली. मग व्हॉल्व्ह. शेवटी अख्खे बर्नर उचलून इकडचे तिकडे केले. घामाने माझा कुर्ता पाठीला चिकटला.

दोष डावीकडेच राहिला.

मी भट्टीपुढे आडवी झाले, झाकणातून दांड्याचा आरसा आत घातला आणि ताईला पुन्हा पेटवायला सांगितलं. ज्वाला उभी राहिली. मग वाकली, आणि झाकणापासून दूर वाकली. चिमणीने ओढली असती तर वर खेचली गेली असती. अशी वाकते ती बाहेरून कोणी फुंकलं तरच. बाहेर, त्या झाकणाला गाल लावून, मीच होते. माझ्या कानाजवळून काहीतरी गार गेलं एवढंच मला कळलं.

मी उठले. खिडकी लावून घेतली.

ताई दुकानात गिऱ्हाईक पाहायला गेली तेव्हा मी स्वतःच बर्नर पेटवला. तो टिकला. मी पेटी आवरली, हात धुतले, उरलेला चहा प्याले, तरी टिकला. मग दिराला पेटवायला लावला. तेव्हाही टिकला, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू बर्नर त्यानेच शोधून काढला होता. ताई परत आली, तिने पेटवला. विझला.

सगळे भाग बदलून झाले होते. राहिला होता फक्त हात.

"वहिनी, कशाला त्रास करून घेता?" दीर म्हणाला. "परवाना माझ्या नावावर करू. मी पेटवत जाईन. तुम्ही आधीसारखं पीठ मळा."

"आधीसारखं आता काही नाही, भाऊजी," ताई म्हणाली. ती कणीक तिंबत होती आणि तिने मानसुद्धा वर केली नाही.

मी तिला बाजूला घेतलं. "साहेबांची पाठ वळली की मी पटकन पेटवते. कोणाला कळणार नाही."

"आणि उद्या? परवा? रोज येशील?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला काय दिसलं आरशात?"

मी आरसा फडक्याने पुसायला लागले.

"मला माहितीये कोण आहे," ताई म्हणाली. "त्यांच्याशी इतकी वर्षं संसार केलाय मी."

साहेब आले ते घड्याळ बघतच आले. त्यांनी पाइप हुंगले, जोडांना साबणाचं पाणी लावलं, आणि म्हणाले, "हं, मालकीणबाई, पेटवा."

'मालकीणबाई' ऐकून दिराने खाकरून घसा साफ केला.

ताईने आधी उजवा पेटवला. मग गुडघ्यांवर बसून डावा.

ज्वाला उभी राहिली. ताईने नॉब सोडला.

साहेब घड्याळ पाहत होते. मी ज्वाला पाहत होते.

ती वाकायला लागली.

ताईने झाकणाच्या तोंडावर हात आडवा धरला. पिठाने माखलेला, कोपरापर्यंत पांढरा. ती भट्टीकडे पाहत नव्हती. शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती.

"फुंका," ती हळूच म्हणाली. "किती फुंकायचं ते फुंका."

तिच्या हातावरचं पीठ उडालं. खोलीत वारा नव्हता. मनगटापाशी रुपयाएवढा गोल उघडा पडला, मग वाढत वाढत बशीएवढा झाला. खालची कातडी काटा येऊन ताठ झाली होती. मला हुंदका आला आणि त्याचबरोबर, खरं सांगते, ओरडून शाबासकी द्यावीशी वाटली.

ताईने हात काढला नाही.

ज्वाला सरळ झाली.

"दरवाजाची झुळूक येते वाटतं," साहेब म्हणाले. "एखादा पडदा लावून घ्या." त्यांनी ताईच्या नावापुढे सही केली. दीर चहाचा कप तसाच ठेवून निघून गेला.

त्या दिवशी सगळा माल ताईने भाजला. पाव असे फुलले की ती एकटीच हसत होती. संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली. तिने उजवा नॉब फिरवला, उजवा बर्नर विझला. डावा नॉब फिरवला.

डावा जळत राहिला.

मी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. मग पाना घेऊन पाइपच सोडवला आणि त्याचं तोंड गालाला लावलं. त्यात काही नव्हतं. ज्वाला निळीच होती, एकसारखी, जरासुद्धा फडफडत नव्हती.

"ताई, हे शक्य नाही."

ताई पदराने हात पुसत उजवीकडे गेली. ज्वाला उजवीकडे कलली. ती कपाटाकडून किल्ल्या घेऊन डावीकडे आली. ज्वाला तिच्यामागे डावीकडे आली.

"फुंकून टाक," मी म्हटलं. "ते फुंकायचे तसं."

"मी कशाला फुंकू?" ताई म्हणाली. "बघू देत. उद्यापासून बघतच राहायचंय त्यांना."

तिने मला पुढे घातलं आणि दारातून मागे हात करून दिव्याचं बटण दाबलं. खोलीत अंधार झाला नाही.